चौदा कार्डांची तपासणी

त्या वर्षी आम्हाला चौदा कार्डं लागणार होती. चाळीत आमचं धरून अकरा बिऱ्हाडं, म्हणजे शेजाऱ्यांसाठी दहा. उरलेल्या चारांपैकी एक पोस्टमनला, एक शेलार गावाहून दूध घालायला येणाऱ्या बाईंना, एक मुलीच्या वर्गशिक्षिकेला आणि एक कल्याणच्या चर्चमधल्या आमच्या पाळकांना. नाताळच्या सकाळी आमच्या घरून प्रत्येक खोलीत फराळाचं ताट जायचं. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, आणि ताटावरच्या रुमालाखाली कार्ड. दिवाळीला त्यांची ताटं आमच्याकडे यायची, ईदला कोपऱ्यातल्या खोलीतून शिरखुर्मा यायचा, आणि डिसेंबरात आमची पाळी असायची.

विकतचं कार्ड आम्ही कधी दिलं नाही. ही माझ्या पत्नीच्या माहेरची पद्धत. मुलांनी कार्डं हाताने करायची, आणि ती करत असताना मोठ्या माणसाने त्यांना येशूच्या जन्माची गोष्ट सांगायची. नगरकडच्या त्यांच्या खेड्यात तिच्या आईने तिला अशीच गोष्ट सांगितली होती. मुलांचे हात कामात असले की त्यांचे कान मोकळे असतात, असं ती म्हणायची. भिवंडीत आमच्या ओळखीची ख्रिस्ती घरं मोजून तीन होती. उपासनेला एस.टी.ने कल्याणला जावं लागे, आणि ते महिन्यातून एकदाच जमायचं. त्यामुळे मुलीला देवाधर्माचं जे काही मिळायचं ते या दोन खोल्यांतच मिळायचं.

हे एकोणीसशे त्र्याहत्तर सालचं सांगतो आहे. मुलगी सात वर्षांची होती, दुसरीत.

मी तेव्हा एका कारखान्याच्या घडी खात्यात कापड तपासायला होतो, आजही आहे. उजेडाच्या टेबलावरून ताका पुढे सरकत जातो आणि आपण डोळा ठेवायचा. तुटलेला धागा, तेलाचा डाग, भोक, जे दिसेल तिथे लाल पेन्सिलीने छोटी फुली मारायची. ठरावीक संख्येपेक्षा जास्त फुल्या झाल्या की तो ताका फ्रेशमधून निघून सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावाच्या मालात, जातो. या कामात मी चांगला आहे. माझ्या हातून गेलेला ताका व्यापाऱ्याकडून परत आल्याचं अकरा वर्षांत फक्त दोनदा घडलं आहे, आणि त्यातल्या एकदा चूक व्यापाऱ्याची होती.

कार्डांसाठी पुठ्ठा मी तिथूनच आणायचो. घडीत घालायच्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या कडा कापल्या की पट्ट्या उरतात. त्या फेकूनच देतात, तरी मी मॅनेजरांकडून चिठ्ठी लिहून घ्यायचो. फाटकावरचा पहारेकरी दर वर्षी चिठ्ठी वाचून हसायचा. "साहब, कचरे का भी परमिट?" कार्ड पाच इंच बाय साडेतीन इंच. पट्टीची रुंदी साडेतीनच असायची, म्हणून ते माप. रंग म्हणजे हळद, कुंकू आणि कपड्यांची नीळ. तारा चहाच्या पुड्याच्या आतल्या चंदेरी कागदाचा.

शेजारच्या खोलीत एक शाळेतले कारकून, त्यांची बायको आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी राहायची. बायको वळ गावची, शेतकऱ्याच्या घरातली, बोलायला एकदम मोकळी. तिची मुलगी दिवसभर आमच्या मुलीच्या मागे असायची. डिसेंबर लागला तशी तीही कार्डं करायला येऊन बसली. मी लगेच तिच्या वडिलांना जाऊन भेटलो. भिवंडीत दंगल होऊन तीनच वर्षं झाली होती, आणि दुसऱ्याच्या मुलाला आपल्या धर्माचं काही सांगणं ही गोष्ट मला विचारल्याशिवाय करायची नव्हती. म्हटलं, "कार्डं करताना घरात येशूची गोष्ट चालते. तुमची हरकत असेल तर तेवढा वेळ तिला बोलावून घेत जा."

ते पेपर वाचत होते. म्हणाले, "अहो, ती तुमच्याकडे असते तेवढाच वेळ मला पेपर वाचायला मिळतो. गोष्ट जरा लांबवा."

आमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. रविवारी दुपारी दोनला सुटायची परवानगी मी मागून घेतली होती आणि तेवढे तास गुरुवारी भरून द्यायचो. मी घरी येईपर्यंत पत्नीची गोष्ट बरीच पुढे गेलेली असायची. मी आतल्या खोलीत हात-पाय धुता धुता ऐकायचो. तिच्या गोष्टीत योसेफाच्या वहाणेचा अंगठा वाटेत तुटायचा. धर्मशाळेच्या मालकाची बायको चांगली असायची आणि नवऱ्याला न विचारता पाणी तापवून आणून द्यायची. यातलं शास्त्रात काहीही नाही. मी बाहेर येऊन तसं सांगायचो. पत्नी म्हणायची, "बरं, नाही तर नाही," आणि पुढे जायची. पुढच्या रविवारी पाणी पुन्हा तापलेलं असायचं.

माझं म्हणणं मी इथे नीट सांगतो, कारण ते मला तेव्हा अगदी मनापासून पटलेलं होतं. मुलांना देवाबद्दल सांगताना पदरचा एक शब्दही घालू नये. ताक्याच्या सुरुवातीला एक धागा तुटला आणि कुणी पाहिला नाही, तर ती रेघ पार शेवटापर्यंत जाते. लहानपणी खरं-खोटं एकत्र विणलं गेलं, तर मोठेपणी खोटं उसवताना खरंही हातातून जाईल, ही मला भीती होती. माझ्या मुलीचा विश्वास टिकावा एवढीच माझी इच्छा होती. दुसरा काही हेतू नव्हता.

नाताळला नऊ दिवस असताना एका रविवारी मी दोनऐवजी अडीचला सुटून आलो. पत्नी स्टोव्हवर करंज्या तळत होती. बाहेरच्या खोलीत दोघी मुली पुठ्ठे पसरून बसल्या होत्या आणि त्या दिवशी गोष्ट आमची मुलगी सांगत होती. धाकटी शेजारीण तारे चिकटवत ऐकत होती.

आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागून चोवीस लूमांचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, हे इथे सांगायला हवं. दोन्ही शिफ्ट चालायचा. आमच्या चाळीत कुणी हळू बोलत नसे. बाळ रडतं आहे हे आईला कित्येकदा त्याचं उघडलेलं तोंड पाहूनच कळायचं. मुलगीही ओरडूनच सांगत होती.

"गावात खूप गर्दी. सगळ्या खोल्या भरलेल्या. योसेफ मालकाला म्हणाला, शिफ्ट सुटली की एखादी खाट मोकळी होईल का? मालक म्हणाला, नहीं भाई, दूसरी शिफ्टवाले सो रहे हैं."

"मंग?"

"मग ते गोठ्यात गेले. तिथे बाळ झालं. ते रडलं, पण लूमच्या आवाजात कुणाला ऐकूच येईना. मेंढपाळांना नाही, कुणालाच नाही. मग देवाने लाइट घालवली. सगळे लूम एकदम बंद! आणि सगळ्यांना बाळ ऐकू आलं. सगळे म्हणाले, अरे, हे कोणाचं? आणि धावत गेले."

"मंग लाइट कवा आली?"

"तीन दिवसांनी."

"बापरे," धाकटी म्हणाली. तिने तारा चिकटवणं थांबवलं होतं.

मी दारात उभा होतो. आज ते शब्द लिहून काढताना वाटतं, की आमच्या घरात शुभवर्तमान, येशूची आनंदाची बातमी, कुणी सांगितलं असेल तर ते त्या दुपारी सात वर्षांच्या मुलीने पाच वर्षांच्या मुलीला सांगितलं. त्या वेळी मात्र मला त्यात चार चुका दिसल्या. मी आत आलो आणि म्हटलं, "बेथलेहेमात लूम नव्हते. लाइटही नव्हती. अजून शोध लागायचा होता."

मुलगी म्हणाली, "माहीत आहे. मी नुसतं असंच."

"असंच म्हणून सांगू नये. तिला ते खरं वाटेल."

मग मी कार्डं पाहिली. चौदाच्या चौदा तयार होती आणि वाळायला ओळीने मांडली होती. पंधरवडाभर बसून केलेली. गव्हाणीच्या एका बाजूला बैल आणि गाढव. छपरावर कापूस चिकटवून केलेला बर्फ. दुसऱ्या बाजूने येणारी तीन माणसं. पहिल्याला फेटा होता. दुसरा लुंगी-बनियनवर, हातात डबा, म्हणजे नुकताच ड्युटीवरून सुटलेला. तिसरी एक बाई होती, डोक्यावर पाटी. वर तारा.

मी खिशातली लाल पेन्सिल काढली. रागाने नाही काढली. कामावर जसा बसतो तसा खाली बसलो, कार्डं एकेक करून समोर घेतली, आणि चुकीच्या जागी लहानशी फुली मारत गेलो. मुलीला समजावं म्हणून तोंडाने सांगतही होतो.

"पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेली ज्ञानी माणसं. ती तीन होती असं कुठेही लिहिलेलं नाही."

"तीनच असतात बाबा," मुलगी म्हणाली. "सगळ्या चित्रांत तीन असतात."

"आणलेल्या वस्तू तीन होत्या. माणसं किती, ते दिलेलं नाही."

"मग किती होती? दोन?"

"माहीत नाही."

"चार?"

"माहीत नाही म्हटलं ना."

धाकटी माझ्याकडे आश्चर्याने बघत होती. "का? कोनी मोजलं न्हाय?"

"लिहिलेलं नाही."

"बैल?" मुलीने विचारलं.

"बैलाचा उल्लेख नाही."

"गाढव?"

"नाही."

"बर्फ?"

"बर्फही नाही. कोणता ऋतू होता तेही दिलेलं नाही."

"पण पंचवीस तारीख तर आहे ना?"

इथे मी थांबू शकलो असतो. सात वर्षांच्या मुलीला त्याच दिवशी सगळं सांगायलाच हवं होतं असं काही नव्हतं. पण तिने प्रश्न विचारला होता, आणि मला त्याचं खरं उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "तारीखही दिलेली नाही. ती पुढे लोकांनी ठरवली."

 मग धाकटीने विचारलं, "काका, मंग तो बाल येशू तरी हाय का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन-तीन सेकंद गेले असतील. माझ्या मनात शंका होती म्हणून मी थांबलो असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पाच वर्षांच्या, दुसऱ्या घरातल्या मुलीला, लिहिलं आहे त्याहून जास्तही नाही आणि कमीही नाही असं कोणत्या शब्दांत सांगावं, तेवढं मी जुळवत होतो. उत्तर अचूक व्हावं म्हणून थांबलो. माझी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने माझं थांबणं पाहिलं.

"आहे गं, आहे," स्टोव्हपाशी बसलेली पत्नी मोठ्याने म्हणाली. "का नसेल?"

मीही मागून "हो, आहे" म्हणालो. पण तोवर मुलीने नजर खाली वळवली होती आणि ती कुंकवाची वाटी पुसत होती.

मी राहिलेली कार्डं तपासून पूर्ण केली. चौदा कार्डांत एक्कावन्न फुल्या. हा आकडा माझ्या लक्षात आहे, कारण मी तो तेव्हा मुलीला सांगितला होता.

तासाभराने शेजारीण दारात आली. एका हाताने लेकीला धरलं होतं. लेकीचे डोळे सुजलेले.

"काय ओ भाऊ, माझ्या पोरीला काय सांगितलंत? घरात येऊन भोकाड पसरलंय. बोलते, काकांचा देव जल्मालाच न्हाय."

"असं मी म्हणालो नाही, वहिनी. फक्त चित्रात ज्या चुका होत्या—"

"बघू चित्र." तिने खाली वाकून एक कार्ड उचललं. "ही डोक्यावर पाटीवाली मी हाय म्हनं. पोरीने हट्ट करून काढवून घेतली. नि माझ्यावर बी फुली? मी काय सेकंड हाय काय?"

पत्नी आतून हसली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, देवाच्या बाबतीत मुलांना चुकीचं सांगू नये."

"आमी गोकुळाष्टमीला किसनाचा पालना हलवतो, तवा दोरी किती हात व्हती म्हनून कोन इचारतं?" ती अजून चेष्टेतच बोलत होती. मग तिने माझ्या मुलीकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "ए बाय, तू का रडत न्हायस? रड की जरा. बरं वाटंल."

मुलगी रडली नाही. तिने चौदा कार्डांची चळत केली, कडा सारख्या केल्या, आणि विचारलं, "बाबा, अजून पुठ्ठा मिळेल का?"

मी सोमवारी पुन्हा चिठ्ठी घेऊन पुठ्ठा आणला. मुलीने माझी मोजपट्टी मागून घेतली. प्रत्येक गोष्ट काढण्याआधी ती मला विचारत होती. गव्हाणी लिहिली आहे? हो. बाळाला गुंडाळलेलं कापड? हो. तारा? तारा आहे, हो. मेंढपाळ किती? संख्या दिलेली नाही. मग तिने मेंढपाळ काढलेच नाहीत. शाळा सुटल्यावर बसून तिने सहा दिवसांत चौदा कार्डं केली. सगळी एकसारखी. मधोमध गव्हाणी, तिच्यात पांढरं गाठोडं, वर तारा, खाली सरळ अक्षरांत नाताळच्या शुभेच्छा. एकाही कार्डावर मला पेन्सिल लावावी लागली नाही. मी तिला शाबासकी दिली. खरं सांगायचं तर मला समाधान वाटलं होतं. पोरीला नीटनेटकेपणाचं वळण लागलं असं मी पत्नीला म्हणालोही.

पत्नी म्हणाली, "तुमचं चोख असतं. आता इथून पुढे गोष्टही तुम्हीच सांगत जा."

मला तो तिने दाखवलेला विश्वास वाटला.

नाताळच्या सकाळी ताटं गेली. शेजारणीने रुमाल बाजूला करून कार्ड पाहिलं, उलटून मागेही पाहिलं. "सुबक हाय," ती म्हणाली. धाकटी तिच्या कमरेला धरून उभी होती. तिने कार्ड हातात घेतलं आणि विचारलं, "यात मी चिकटवलेलं काय हाय?"

काहीच नव्हतं. तारासुद्धा या वेळी माझ्या मुलीनेच चिकटवला होता, वाकडा जाऊ नये म्हणून.

त्यानंतर ती मुलगी रविवारी आमच्याकडे येईनाशी झाली. भांडण काही नव्हतं. नळावर, जिन्यात दोघी खेळायच्या, पण गोष्टीला ती कधी बसली नाही, आणि आमच्या मुलीने कधी तिला बोलावलं नाही. मी दोन-तीनदा म्हटलं, बोलाव तिला. मुलगी म्हणाली, "कशाला?" शहात्तर साली त्यांनी मानकोलीजवळ जागा घेऊन घर बांधलं आणि चाळ सोडली. सामान चढवताना शेजारीण माझ्या पत्नीच्या गळ्यात पडून रडली. मला म्हणाली, "येतो भाऊ. माप घ्यायला या कवातरी, भिंती सरळ हायत का बघायला." मी जाईन म्हणालो. गेलो नाही.

माझी मुलगी हुशार निघाली. कल्याणला मुलांना शास्त्र शिकवणाऱ्या शब्बाथ शाळेच्या परीक्षेत ती तीन वर्षं ओळीने पहिली आली. एका वर्षी शंभरपैकी सत्त्याण्णव. वंशावळ्या तोंडपाठ, राजांची नावं क्रमाने. पाळकांनी माझं कौतुक केलं, घरातल्या शिकवणीचं हे फळ आहे म्हणाले. मला त्याचा अभिमान वाटला होता. पण नऊ वर्षांची असताना एकदा ती आजारी पडली. अंगात ताप, पत्नी तिच्या उशाशी बसून प्रार्थना करत होती. मध्येच डोळे उघडून मुलीने मला विचारलं, "बाबा, देव ऐकतो हे कुठे लिहिलंय?" मी पुस्तक काढून तिला तीन ठिकाणं दाखवली. तिने ती वाचली, मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिथेच उभा राहिलो. तापलेल्या मुलीच्या कपाळावर हात ठेवून "ऐकतो गं बाळ" एवढंच म्हणायचं होतं, हे मला कळायला पुढची दोन-तीन वर्षं लागली. कपाळावर हात ठेवायलासुद्धा सुचलं नाही, कारण माझ्या हातात पुस्तक होतं.

मी तिच्याकडून कधी कुणाला गोष्ट सांगितलेली पुन्हा ऐकली नाही. शाळेतल्या मैत्रिणींना नाही, कल्याणच्या लहान मुलांना नाही. तिथल्या बाईंनी दोनदा तिला लहानांचा वर्ग घ्यायला सांगितलं. तिने हजेरी घेण्याचं काम मागून घेतलं.

गेल्या वर्षी मी तिच्याशी बोलायचं ठरवलं. ती बारा वर्षांची होती. कल्याणहून उपासना करून आम्ही दोघंच परत येत होतो, खिडकीशेजारी ती, अलीकडे मी. मनात वाक्य जुळवायला मला कोनगावपर्यंत वेळ लागला. मग म्हणालो, "तुझी ती नाताळची कार्डं, तू दुसरीत असताना केलेली. मी त्यावर फुल्या मारल्या. ते मी चुकलो."

तिला आठवायला वेळ लागला नाही. म्हणाली, "नाही बाबा, तुमचं बरोबर होतं. मी नंतर सगळं वाचून पाहिलं. ज्ञानी लोकांची संख्या खरंच दिलेली नाही."

"तसं नाही. तरीसुद्धा मी चुकलो."

"फक्त एक राहिलं होतं," ती म्हणाली. "तारा. तारा ज्ञानी लोकांच्या गोष्टीत आहे, आणि ते आले तेव्हा बाळ घरात होतं. गव्हाणी वेगळ्या शुभवर्तमानात, दुसऱ्या पुस्तकात आहे. म्हणजे गव्हाणीवर तारा काढायला नको होता. ते तुमच्या नजरेतून सुटलं. चौदाच्या चौदा कार्डांवर."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. एका तपासनिसाने दुसऱ्याला दाखवावं तसं तिने दाखवलं.

मी विचारलं, "ती पहिली कार्डं कुठे गेली?"

"नाताळच्या सकाळी बंबात घातली. आईला सांगून." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "छान पेटली. कापूस होता ना."

आम्हाला आणखी एक मुलगी आहे, चौऱ्याहत्तरची. ती आता पाच वर्षांची आहे. तिला गोष्ट सांगायचं काम ठरल्याप्रमाणे माझ्याकडे आहे, आणि मी ते दर डिसेंबरात करतो. ती ऐकते. कधी काही विचारत नाही, म्हणून मला वाटायचं की तिला पूर्ण समजते.

मागच्या रविवारी कापडाच्या गाठी घेऊन जाणारा ट्रक आला नाही, काम थांबलं, आणि मी बाराच्या सुमारास घरी पोहोचलो. दार उघडं होतं. आमची धाकटी मुलगी पत्नीच्या मांडीला टेकून, तोंड वर करून बसली होती. पत्नी तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती, हातवारे करत होती, मध्येच दोघी हसल्या. मोठी जरा बाजूला बसून पट्टीने पुठ्ठे कापत होती. लूमच्या आवाजात शब्द मला ऐकू आले नाहीत. पण धाकटीचा चेहरा मी पाहिला, आणि तो चेहरा मी गोष्ट सांगत असताना कधी पाहिला नव्हता.

मी वहाणा काढल्या. पत्नीने मान वर केली आणि ती बोलायची थांबली. हे पहिल्यांदाच घडत नव्हतं, हे तिच्या थांबण्यावरूनच मला समजलं. सहा वर्षं माझ्या घरात गोष्ट चालू होती. फक्त मी आलो की ती बंद व्हायची.

"पुढे सांग ना आई," धाकटी म्हणाली. "मग ती बाई पाणी घेऊन आली, मग?"

पत्नी म्हणाली, "पुढचं बाबा सांगतील."

"नको, तूच सांग," मी म्हणालो.

"तुम्ही सांगा की," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने फक्त पदर नीट केला आणि जरा सरकून मला जागा दिली.

मी खाली बसलो. धाकटी माझ्याकडे वळली. मला खरोखर पुढचं सांगायचं होतं. त्या बाईचं, पाण्याचं, काहीही. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं ते असं: नावनिशीसाठी, म्हणजे सरकारी नोंदीसाठी, ते दोघं बेथलेहेमला गेले. तिथे तिचे दिवस भरले. उतरायला जागा नव्हती, म्हणून तिने बाळाला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. मेंढपाळांना बातमी कळली आणि ते बघायला आले.

मी थांबलो. आणखी काही सुचेल म्हणून वाट पाहिली.

"एवढीच?" धाकटीने विचारलं.

मी मोठीकडे पाहिलं. का पाहिलं ते मला सांगता येणार नाही. तिने पट्टीवरची नजर न काढता पेन्सिलीची रेघ पूर्ण केली.

"एवढीच आहे," ती म्हणाली. "बाबांनी बरोबर सांगितली."

पत्नी भात बघायला आत गेली. धाकटी थोडा वेळ माझ्याजवळ बसून राहिली, मग उठून तिच्या मागे गेली.